उडीचा सूट

प्रताप नगर, नागपूर
६ ऑक्टोबर २०२४

मिनल बाई,

तुले आजीचा पापा, दोन्ही गालांवर.

तुहं पत्र काल मिळालं. पोस्टमन म्हणे, आजी, तुम्हाले आजकाल कोण पत्र लिहिते? मी म्हटलं, माही नात लिहिते, मौद्याले वीज कारखान्यात इंजिनिअर आहे, मले फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहिते. तो पुढं काय बोलला देव जाणे. मान हलवून गेला. मान हलवणारे लोक मले आवडतात, त्यांच्याशी बोलायले कानाची मशीन लागत नाही.

पत्र मी ओळीखाली बोट ठेवून वाचलं. माही शाळा चौथीत सुटली, मग लग्न लावून उमरेडले मागावर बसवलं, म्हणून बोटाशिवाय मले वाचता येत नाही. विमान आलं तिथं वाटलं, तुही बदली झाली. मग पुढं विमानातून उडी आली. मी बोट मागं नेलं. पुन्हा वाचलं. उडीच होती!

मी इतकी हसली की काजल आतून धावत आली. काय झालं आजी? मी म्हटलं, पोस्टमनचा चेहरा आठवला. काजल आपली सोन्यासारखी नातसून, पण चेतनले सांगितल्याशिवाय तिले घास उतरत नाही, अन् तुह्या भावाले सांगितलं की तुह्या बापाले सांगितलं. म्हणून चूप राहिली. तू लिहून कळवलं ते बरं केलं. घरी येऊन माह्या कानात सांगितलं असतं तर शेजारी यमुताईनं तिच्या ओट्यावर बसून ऐकलं असतं.

एक नाही समजलं. शिकायले जानेवारीत जाणार, तर आतापासून पुस्तकं काहून? मले मागावर बसवताना कोणी पुस्तक नाही दिलं. सासूनं पाय मागाच्या खड्ड्यात ढकलले, म्हणे चालव. पण तुहं वेगळं, तुले डोकं आहे. अन् या खेपेले सुट्टी जाऊ देऊ नको. मागच्या वेळी चेतनच्या लग्नात गेली, त्याच्या आधी तुह्या बापाच्या ऑपरेशनात. तुही माय गेल्यापासून या घराचं जे काम निघते ते बरोबर तुह्या सुट्टीत निघते.

वर श्वास कसा घेतात? लुगडं नेसून जमते काय? सोबत कोण राहते? जे वाचशीन ते मले सोप्या मराठीत लिहून पाठवजो.

तुही आजी
प्रेमिला

*

मौदा
१९ ऑक्टोबर

आजी,

रात्रपाळी संपवून आत्ता खोलीवर आले. डोळे मिटताहेत, पण झोपले की फोन वाजतो, म्हणून आधी तुला लिहिते. बाबांचा गॅसचा नंबर लागत नाही. चेतनला गाडीच्या विम्याचा कागद सापडत नाही. काजलला डॉक्टरांची वेळ हवी आहे. कागद टीव्हीखालच्या कप्प्यात आहे. मी मौद्यात बसून सांगते, ते तिथे उभे राहून शोधतात आणि परत फोन करतात.

आता तुझा पहिला धडा. विमान दहा-बारा हजार फुटांवर जातं, दार उघडतात. उसळी मारायची नाही, नुसतं बाहेर सुटायचं. पोट जमिनीकडे. कंबर पुढे ढकलायची, पाठीची कमान करायची, मान वर, हातपाय सैल. कमान नीट जमली की अंग आपोआप पालथं राहतं. अंग आखडलं की गरगरायला लागतं. पाऊण मिनिटभर असं पडत राहायचं, मनगटावर उंची दाखवणारं घड्याळ असतं, ठरलेल्या उंचीवर छत्री उघडायची. छत्र्या दोन असतात, एक बिघडली तर दुसरी. श्वास घेता येतो. लुगडं चालत नाही.

सोबत कोण, विचारलंस. वर कोणी नसतं आजी. वारा इतका असतो की कोणी हाक मारली तरी ऐकू येणार नाही. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचते.

पुस्तकं आतापासून का? वाचायला सुट्टी लागत नाही.

तुझी
मिनल

*

प्रताप नगर
१० नोव्हेंबर

मिनल माय,

दिवाळीले आली अन् गेली, बोलणं झालंच नाही. भाऊबिजेले ओवाळताना तू ताट हातात धरून उभ्यानंच डुलकी घेतली. चेतन हसला. मी नाही हसली. करंज्या पण तूच तळल्या, त्या तेवढ्या चांगल्या झाल्या होत्या, यमुताई अजून विचारते, खोबरं किती घातलं.

आता खुशखबर ऐक. माह्या ट्रंकेत तू उडीचा निळा सूट ठेवून गेली अन् चिठ्ठी लावली की बाह्या लांब आहेत, आत घे. घेतल्या. दुपारी सगळे झोपले की काढत असे, शिलाई मशीन नाही वापरली, आवाज होते म्हणतात. कोणाचा वापरलेला घेतला म्हणते, पण कापड दणकट आहे. मात्र शिंपी कोण होता वं तो? बाह्यांवर बाहेरून अन् मांड्यांवर बाहेरून कापडाच्या जाड सुरळ्या शिवून ठेवल्या, आत काहीतरी कडक भरून! जसा कोणी उशा शिवता शिवता विसरला अन् सूट शिवला.

आमच्या घरी लुगडं मागावरून उतरलं की आम्ही बाया ते मांडीवर घेऊन बसत असू. लोंबतं सूत, गाठ, जाड धागा, सगळं सुईनं वेचून काढायचं. हाताले काही उचललेलं लागलं की व्यापारी ते लुगडं परत फेकत असे. तो हात माहा अजून गेला नाही. सगळ्या सुरळ्या उसवल्या! अशा पक्क्या होत्या की ब्लेड लागलं. आता सूट कसा सपाट झाला, हात फिरव, कुठं अडकणार नाही. वाऱ्याले धरायले काही ठेवलंच नाही मी.

तुहा धडा पण करून राहिली. दिवाणावर पालथी झोपून कमान करते. मान वर होते, पाय काही उचलत नाहीत. परवा यमुताई दही मागायले आली, तिनं पाहिलं अन् बोंब ठोकली, "धावा वं, प्रेमिलाबाईले लकवा मारला!" मी म्हटलं, "चूप, कमान करून राहिली मी." ती म्हणे, "कशाची कमान?" मी म्हटलं, "योगा आहे." आता ती पण करते. तिचे पाय उचलतात. पोट मोठं आहे न, डुलते नुसती.

अजून एक. काजलचं ओटीभरण एकोणीस जानेवारीले ठरलं. तुही सुट्टी त्याच हप्त्यात आहे हे मले माहीत, बाकी कोणाले नाही. मी पाहते काहीतरी.

आजी

*

मौदा
१८ नोव्हेंबर

आजी,

त्या सुरळ्या चुकून शिवलेल्या नव्हत्या. शिकणाऱ्याच्या सुटाला त्या असतातच. पहिल्या उड्यांना दोन शिक्षक बरोबर उडी मारतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि त्या सुरळ्यांना घट्ट धरून ठेवतात. आपण गरगरायला लागलो तर ओढून सरळ करतात. तू सूट गुळगुळीत केलास, आता त्यांना धरायला काही नाही.

विचारायचं तरी होतंस. फक्त बाह्या सांगितल्या होत्या. इतक्या वर्षांत एक वस्तू मी माझ्यासाठी घेतली होती.

जाऊ दे. बाबांचा फोन आला होता. हॉल, जेवण, पाहुण्यांना फोन, काजलच्या माहेरच्यांची राहायची सोय. "तू आहे म्हणून मले काही टेन्शन नाही," म्हणाले. मी हो म्हटलं. सुट्टी ओटीभरणालाच वापरते. सूट राहू दे ट्रंकेत. पुस्तक मिटून ठेवलं आहे.

तुझ्यावर रागावून लिहीत नाही आहे. रागावायला पण ताकद लागते.

मिनल

*

प्रताप नगर
२७ नोव्हेंबर

मिनल,

चुकली मी. लय चुकली. पत्र वाचलं अन् बोट जिथं होतं तिथंच राहिलं.

सुरळ्या फेकल्या नव्हत्या, चिंध्या मी फेकत नाही. जागच्या जागी परत लावल्या, दुहेरी टाक्यानं, मेणाचा दोरा लावून. मग यमुताईले एका बाजूनं ओढायले लावलं अन् मी दुसऱ्या. ती म्हणे, कोणता योगा आहे हा? टाका एक नाही हलला, आम्हीच दोघी दिवाणावर बसलो धापा टाकत. तरी शिक्षकाले दाखवजो. त्यानं नाही म्हटलं तर त्याचा सूट घालजो, माह्यासाठी भांडू नको.

पण मले दुसरंच बोचून राहिलं. आधीच्या पत्रात तू लिहिलं, वर कोणी नसतं. आता लिहिते, दोघं धरून राहतात. दोन्ही पत्रं मांडीवर घेऊन बसली मी. तुले हे पहिलेच माहीत होतं. मले नाही सांगितलं. तुले अशी जागा पाहिजे होती जिथं तुले कोणी हाक मारत नाही. तुहा बाप नाही, चेतन नाही, मी पण नाही. मले इतकं वाईट वाटलं की दुपारचं जेवण गेलं नाही. संध्याकाळी दुप्पट जेवली.

जेवतानाच बोलली. म्हटलं, ओटीभरणाले मिनल राहणार नाही.

तुहा बाप म्हणे, "काहून?"

"तिले विमानातून उडी मारायची आहे."

वरण-भाताचा घास त्याच्या हातातच राहिला. "माय, मशीन लाव कानाले. तू काय बोलून राहिली ते तुलेच ऐकू नाही येऊन राहिलं."

"मशीन ऐकायले लागते, बोलायले नाही."

मग तो लय बोलला. मले त्याचं फक्त तोंड हलताना दिसलं. थांबला तेव्हा मी विचारलं, झालं तुहं? काजल माह्या कानाशी येऊन ओरडली, "बाबा म्हणतात, काही झालं तिले तर?" मग मी धडा सांगितला. दोन छत्र्या, मनगटावर घड्याळ, पोट खाली, दोन्ही बाजूनं दोन शिक्षक. म्हटलं, तुह्या ऑपरेशनले इतकी माणसं नव्हती तुले धरायले, एक मिनलच होती.

"अन् ती नसली तर इथलं कोण करीन?"

मी चेतनकडे पाहिलं. तो म्हणे, "मले काय येते आजी त्यातलं?"

"लग्न करता आलं, पोर होऊन राहिलं, अन् ओटीचं सामान आणता येत नाही तुले?"

काजल इतकी हसली की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

तुह्या बापानं हो म्हटलं नाही. पण हात धुवून परत आला अन् उभा राहिला. म्हणे, "तिनं मले काहून नाही सांगितलं?" मी म्हटलं, "ती सांगायले फोन उचलते तेव्हा तू गॅसचं बोलते." तो गेला गच्चीवर.

तू जाय. पुस्तक उघड. पडायचं सगळं लिहिलं तू, उतरायचं काहीच लिहिलं नाही. तो धडा राहिला आहे माहा.

आजी

*

प्रशिक्षण केंद्र
२१ जानेवारी २०२५

आजी,

हे पान मी फोटो काढून काजलच्या फोनवर पाठवते आहे. ती तुला मोठं करून दाखवेल.

तू बरोबर ओळखलंस. दोघं धरतात ते मी आधीच वाचलं होतं. त्या पानावरून पुढे जायचे, परत मागच्या पानावर यायचे. पाऊण मिनिट. कोणाला काही सांगायचं नाही, कोणी काही विचारायचं नाही. मला वाटायचं एवढं मिळालं तरी पुरे. दुसरा काही वाईट विचार नव्हता, शपथ. खूप दिवस दमले होते आणि झोपून ते जात नव्हतं.

इथे येऊन कळलं की मला पुस्तकातलं सगळं येतं आणि काहीच येत नाही. पहिल्या दिवशी शिक्षकांनी विचारलं ते मी धडाधडा सांगितलं. मग चाकाच्या फळीवर पालथं झोपवलं आणि कमान कर म्हणाले. माझे खांदे कानापर्यंत आलेले! दोन दिवस मी खांदे खाली सोडायला शिकते आहे. शिक्षक म्हणतात, "मॅडम, किसने डाँटा है आपको?" तुझा सूट त्यांनी पाहिला आणि घरी शिवलेलं चालत नाही म्हणाले. उडीला केंद्राचा घालायचा. जमिनीवरच्या सरावाला मी तुझाच घालते.

उतरायचा धडा: पाय जुळवायचे, गुडघे थोडे सैल. पायाखालच्या जमिनीकडे टक लावायची नाही, लांब बघायचं. अगदी जवळ आल्यावर दोन्ही हातांनी दोऱ्या खाली ओढायच्या, म्हणजे छत्रीचा वेग मोडतो. आणि पडलोच तर कुशीवर लोळायचं, हात टेकायचा नाही.

धुकं आहे, विमान उडालेलं नाही. उद्या-परवा हवा मोकळी होईल म्हणतात.

आता खरं सांग. ओटीभरणाचे फोटो आले. त्यात तू एकातही नाहीस, चेतनही नाही. चार दिवसांत घरून एक फोन नाही. मी केला तर चेतन म्हणतो, सगळं ठीक. चेतन सगळं ठीक असं आयुष्यात कधी म्हणालेला नाही. काय झालं ते लिही, नाहीतर मी आज निघते. बॅग भरायला घेतली आहे.

मिनल

*

२२ जानेवारी

मिनल,

काजलनं दाखवलं. मी मजेत आहे. फोटो काढत होते तेव्हा मी मागं जिलेबी खात होती. बॅग खाली कर. उडी मारल्याशिवाय आली तर दार नाही उघडणार.

आजी

*

प्रशिक्षण केंद्र
२४ जानेवारी

आजी,

मारली.

दार उघडल्यावर पुस्तकातलं एक अक्षर आठवलं नाही. उजवीकडच्या शिक्षकांनी मान हलवली, मी सुटले. गरगरले. दोघांनी ओढलं आणि सरळ केलं. एकाने बोटांनी खूण केली, पाय लांब कर. केले. मी दोन्हीकडे पाहिलं, दोघांचे गाल वाऱ्याने फडफडत होते, माझेही तसेच असणार. मला वाटलं होतं त्यांचा राग येईल. नाही आला.

छत्री उघडल्यावर ते नसतात. मग काही मिनिटं मी खरंच एकटी होते. खाली शेतं, एक तळं, कुठून तरी मोटारपंपाचा आवाज. आजी, मला वाटलं होतं रडू येईल. जांभई आली. मोठी, डोळ्यांतून पाणी काढणारी. लोंबकळत होते आणि जांभया देत होते.

उतरताना कुशीवर लोळले. कोपर खरचटलं. मग जेवून बारा तास झोपले, कोणी उठवलं नाही.

मिनल

*

प्रताप नगर
३० जानेवारी

मिनल बाई,

पहिले बसून घे. बसली? आता वाच.

मी जिलेबी खात नव्हती. ओटीभरणाच्या दिवशी सकाळी मले चक्कर आली, मोरीच्या दारात पडली. रामदासपेठेत दवाखान्यात नेलं. बीपी वर गेलं होतं, दुसरं काही नाही, हाड एक मोडलं नाही. मजेत आहे असं लिहिलं तेव्हा डाव्या हातात सलाईन होतं. उजवा मोकळा होता म्हणून लिहिता आलं. चेतन तुले फोन लावत होता. मी म्हटलं, लावशीन तर मी हे सलाईन उपटते. नर्सबाई घाबरली, तिनंच त्याचा फोन घडीभर काढून घेतला.

मनकर्णा नाव आहे तिचं, कळमेश्वरची आहे, तिची सासू लय खट आहे, ते तू आल्यावर सांगीन.

तू चिडशीन. चीड. तुले हक्क आहे. तू लपवलं अन् मी लपवलं, पण माहं जास्त झालं.

आता इकडचं ऐक. ओटीभरण तुह्या बापानं पार पाडलं. लुगड्याचा रंग असा आणला की काजल हिरव्या मिरचीसारखी दिसत होती. भाजीत मीठ दोनदा पडलं, पाहुणे ताक पिऊन उठले. काजलच्या आईले उतरायले जागा सांगायची विसरला, ती माह्या दिवाणावर झोपली. वाईट झालं सगळं. पण झालं. कोणी मेलं नाही.

अन् चेतन. मिनल, तो दवाखान्यातून हललाच नाही. पहिल्या दिवशी त्याले माही गोळी कोणती ते पण माहीत नव्हतं. डॉक्टर काय म्हणते ते तळहातावर लिहून घेई अन् मग हात धुवे, मग परत विचारायले जाय. तिसऱ्या दिवशी त्यानं मले संडासले नेलं उचलून, मी लाजली, तो पण लाजला, भिंतीकडे तोंड करून उभा. पाय दाबते तर असे दाबते जशी कणीक तिंबून राहिला. दुखते. मी नाही सांगत त्याले.

तुहं "मारली" वाचलं ते मी बोट न ठेवता वाचलं. एकच शब्द होता न. मग सगळ्यांले मोठ्यानं वाचून दाखवलं. तुह्या बापानं पत्र हातात घेतलं, चष्मा लावला, जांभईपाशी आला अन् थांबला. मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच गॅसवाल्याले फोन लावत बसला. नंबर अजून लागला नाही.

आता मी पण दमली वं. इतकं लिहिलं की बोटं वळून राहिली. अंगात पहिल्यासारखा जोर नाही, हे तुले एकटीले सांगते. येत्या रविवारी तुही सुट्टी आहे न? तर ये. पण ऐक, किराणा आणू नको. माह्या गोळ्या पाहू नको, त्या चेतन पाहते. काजलनं काही विचारलं तर माहीत नाही म्हण. पदर खोचून आत जाऊ नको.

बसायले ये. माह्या बाजूले दिवाणावर बस, जांभया दे, मी पण देते.

आजी